बोलण्यावर विसंबू नका

प्रिय एकांकिकावाल्यांनो,

कॉलेजात असताना ज्यांनी पुरुषोत्तम करंडकाला, लोकांकिकेला किंवा राज्य नाट्य स्पर्धेला एखादी तरी संहिता लिहिली आणि ज्यांना आता सिनेमा लिहायचा आहे, अशा सगळ्यांना हे पत्र. पटकथा कशी लिहावी हे सांगणारी पुस्तकं बाजारात पुष्कळ आहेत. बरीचशी अमेरिकेतली आहेत आणि कितव्या पानावर नायकाचं आयुष्य पालटायला हवं इतपत खुलासा त्यांत असतो. ती वाचा, नुकसान काही होत नाही. मला बोलायचंय ते खास तुमच्या अडचणीबद्दल, आणि ती अडचण तुमच्या गुणातूनच आलेली आहे.

तुम्हाला संवाद लिहिता येतात. टाळी कुठे पडेल, हशा कुठे येईल, कुठे सभागृह एकदम गप्प होईल, हे तुम्ही विंगेत उभं राहून पाहिलेलं असतं. आणि म्हणूनच तुमच्या पहिल्या पटकथेतली माणसं बोलत सुटतात. आईला मुलाची काळजी वाटते, तर ती तसं सांगते. मुलाला घुसमट होते, तर तोही सांगतो. मग शेजारीण येते आणि दोघांचं काय चुकतंय ते समजावते. सगळं छान लिहिलेलं असतं, हीच पंचाईत. वाईट संवाद लगेच कापता येतात, चांगले कापायला हात धजत नाही.

संवादांशी माझं वैर नाही. कीर्तन, वग आणि नाटक यांवर पोसलेली माणसं आपण. आपल्या सिनेमाने कायम चांगले कान असलेले लेखक शोधले. ‘पिंजरा’चे संवाद शंकर पाटलांचे. ‘अशी ही बनवाबनवी’ची गोष्ट एका जुन्या हिंदी चित्रपटावर बेतलेली होती, पण १९८८ पासून आजतागायत ती लोकांच्या तोंडी राहिली ती वसंत सबनीसांच्या संवादांमुळे; आणि सबनीस म्हणजे ‘विच्छा माझी पुरी करा’वाले. ही पुण्याई आपल्या गाठीशी आहेच. फक्त सिनेमात संवाद सगळ्यात शेवटी लिहायचे असतात.

एक प्रसंग घेऊ. दोन भाऊ आहेत. वडील जाऊन वर्ष झालंय आणि शेताची वाटणी करायची वेळ आलीय. एकांकिकेत तुम्ही हे घराच्या ओसरीवर घडवाल. थोरला म्हणेल, मी घर सांभाळलं म्हणून तू शिकलास. धाकटा म्हणेल, शिकवलं त्याची किंमत किती वेळा वसूल करणार? आई मधे पडेल. पंधरा मिनिटांचा दमदार प्रवेश होईल आणि अभिनयाची दोन बक्षिसं नक्की.

आता हेच सिनेमासाठी. सकाळ आहे. दोघं भाऊ एकाच मोटरसायकलवरून तलाठी कार्यालयापाशी येतात. थोरला चालवतोय, धाकटा मागे, मांडीवर कागदांची पिशवी. तलाठी अजून आलेला नाही. समोरच्या टपरीवर दोघं चहा घेतात. थोरला सवयीने खिशात हात घालतो, तेवढ्यात धाकटा आपल्या एका चहाचे पैसे काढून ठेवतो. टपरीवाला एकदा याच्याकडे बघतो, एकदा त्याच्याकडे, आणि दोन्हीकडचे पैसे वेगवेगळे घेतो. दुपारी फेरफाराचे कागद होतात. थोरला गाडीला किक मारून थांबतो. धाकटा एसटीच्या थांब्याकडे चालू लागलेला असतो.

यात वाटणीबद्दल एकही वाक्य नाही. पण प्रेक्षकाला कळलं, आणि त्याचं त्याला कळलं म्हणून ते त्याचं झालं. आता इथे थोरल्याच्या तोंडी एखादं वाक्य घालायचं असेल तर काय घालाल? मी तर त्याला सातबाऱ्याच्या झेरॉक्स कुठे काढून मिळतील एवढंच विचारू देईन.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, ठीक आहे, पण नाटक लिहिणाऱ्याला हे जमणार कसं? विजय तेंडुलकरांकडे बघा. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये लीला बेणारे शेवटी जे बोलते, ते मराठी रंगभूमीवरच्या सगळ्यात गाजलेल्या स्वगतांपैकी एक. सगळं नाटक थांबवून तेंडुलकर तिला बोलू देतात. त्याच तेंडुलकरांनी १९८० साली गोविंद निहलानींसाठी ‘आक्रोश’ लिहिला. त्यातला लहान्या भिकू, म्हणजे ओम पुरी, बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली कोठडीत आहे आणि तो बोलतच नाही. वकील त्याच्यासमोर बसून विचारून विचारून थकतो. कोर्टातही तो गप्प. एक माणूस का बोलत नाही, या एका प्रश्नावर अख्खा सिनेमा उभा राहतो. बेणारेला शब्द देणारा आणि लहान्याचे शब्द काढून घेणारा लेखक एकच आहे. रंगमंचावर माणूस बोलला की ताबा त्याच्याकडे येतो. पडद्यावर बहुतेक वेळा जो गप्प बसतो त्याच्याकडे कॅमेरा वळतो. तेंडुलकरांना हा फरक कळला होता, आणि ‘मंथन’साठी पटकथेचं राष्ट्रीय पारितोषिक मिळवणाऱ्या या माणसाने नाटक लिहिणं काही सोडलं नव्हतं. तेव्हा तुम्हालाही सोडायची गरज नाही.

‘सामना’ही त्यांनी थेट पडद्यासाठी लिहिला. एक दारुडा मास्तर साखरसम्राटाच्या गावात येतो आणि मारुती कांबळेचं पुढे काय झालं हे विचारत राहतो. पटकथेचा कणा एवढाच. तुमच्या गोष्टीला असा एक प्रश्न आहे का, हे आधी तपासा. तो एका वाक्यात मावत नसेल तर गोष्ट अजून सापडलेली नाही. ‘श्वास’मध्ये प्रश्नासोबत घड्याळही आहे: नातवाच्या डोळ्यांना कॅन्सर झालाय, जीव वाचवायचा तर ऑपरेशन करावं लागेल आणि ऑपरेशननंतर त्याला दिसणार नाही. त्याआधीच्या थोड्या वेळात आजोबा काय करणार? माधवी घारपुरे यांच्या कथेवर संदीप सावंत यांनी तो सिनेमा केला आणि ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला पुन्हा सुवर्णकमळ मिळालं. आजोबा नातवाला घेऊन हॉस्पिटलमधून निघून जातात. तिथे त्यांना कुणी लांबलचक भाषण दिलं असतं तर? ते फक्त जातात.

आणि ‘फँड्री’. डुक्कर पकडायचा तो प्रसंग तुम्ही पाहिलेला असणारच, पण या वेळी लेखक म्हणून बघा. जब्या आणि त्याच्या घरची माणसं गावासमोर डुकराच्या मागे धावतायत. वर्गातली पोरं हसतायत, जिच्यावर जब्याचा जीव आहे तीही तिथेच आहे. डुक्कर टप्प्यात येतं आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि डुक्कर निघून जातं. पुढे मेलेलं डुक्कर काठीला बांधून शाळेच्या भिंतीवरून नेतात आणि त्या भिंतीवर फुले, आंबेडकर, सावित्रीबाई यांची चित्रं आहेत. नागराज मंजुळे यांनी इथे एका पात्राच्या तोंडी जरी जातिव्यवस्थेबद्दल दोन वाक्यं घातली असती, तरी सगळं सांडलं असतं. कागदावर हा प्रसंग लिहायला चार-पाच ओळी लागतील. पण त्या ओळी सुचायला ते गाव, ती शाळा, तिची परिपाठाची वेळ आणि डुकराची चाल ठाऊक असावी लागते.

अभ्यासाचा विषय निघालाच आहे. तुमच्या पात्राचा धंदा काय आहे, आणि तो दिवसभरात नेमकं काय करतो, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. रिक्षावाला असेल तर गाडी स्वतःची की भाड्याची, रोजचा हप्ता किती, गॅस कुठे भरतो, रांगेत किती वेळ जातो. यातल्या नव्वद टक्के गोष्टी सिनेमात येणार नाहीत. उरलेल्या दहा टक्क्यांत मात्र तुमचा सीन दडलेला असतो.

आता माझ्याच म्हणण्याला छेद देणारं उदाहरण देतो, नाहीतर तुम्हीच द्याल. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये माणसं सतत बोलतात. सरकारी वकील कायद्याची कलमं एकसुरात वाचत जाते, न्यायाधीश नोंदीसाठी वाक्यं सांगतो. पण नीट ऐकलंत तर यातलं कुणीच मनातलं बोलत नाही. बोलणं हे त्यांचं काम आहे, शिवणयंत्रावर बसलेल्या माणसासारखे ते ते काम करतात. त्यांच्या मनातलं कळतं ते कोर्टाबाहेर: वकीलबाई मुलाला घेऊन घरी जातात, स्वयंपाक करतात, नाटकाला जातात. कुणाविषयी त्यांना काय वाटतं ते त्या नाटकातल्या कुठल्या विनोदाला हसतात त्यावरून समजतं. तेव्हा ‘माणसं बोलली तरी चालतील’ एवढाच अर्थ ‘कोर्ट’मधून काढू नका. याच ताम्हाणेंना पुढच्या ‘द डिसायपल’साठी २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालं, आणि ती पटकथा मराठी सिनेमाची होती. मराठीत लिहून कुठे पोचणार, असं विचारणाऱ्या काकांना हे सांगून ठेवा.

भाषेबद्दल एकच गोष्ट, पण ती मला फार खुपते. टीव्हीने एक ‘गावरान’ नावाची बोली तयार केली आहे. ती कोल्हापूरची नाही, बीडची नाही, धुळ्याची तर नाहीच. व्हय-न्हाय केलं की झालं गाव, असा समज. तुमची गोष्ट करमाळ्याची असेल तर करमाळ्याची लिहा, सावंतवाडीची असेल तर मालवणी येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. ‘फँड्री’तलं कुटुंब घरात कैकाडी बोलतं आणि गावात मराठी. एवढ्या एका निर्णयातून ती माणसं गावात असून गावाची का नाहीत, हे कळतं. शहराची भाषाही एक नसते. ठाण्यातल्या सोसायटीतली सासू आणि लालबागच्या चाळीतली सासू सारखी बोलत नाहीत.

कामाच्या काही गोष्टी झटपट सांगतो. आधी वन-लाइनर करा, म्हणजे प्रत्येक सीनची एक ओळ, सगळा सिनेमा तीन-चार पानांत. त्या ओळीत ‘कळतं’, ‘जाणवतं’, ‘आठवतं’ असं क्रियापद आलं तर थांबा, कारण ते शूट करता येत नाही. सीनच्या डोक्यावर आतलं की बाहेरचं, ठिकाण कोणतं, दिवस की रात्र, हे लिहा. तुमच्या कागदावरून सहायक दिग्दर्शक ब्रेकडाऊन काढणार असतो आणि तिथे कविता उपयोगाची नसते. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब इंग्रजी टंकलेखनाच्या ठरावीक अक्षरावर बसलेला आहे, देवनागरीत तो तसाच उतरत नाही. सीन घड्याळ लावून स्वतः मोठ्याने वाचा. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. रात्रीचे सीन, गर्दी, पाऊस आणि जनावरं यांनी खर्च वाढतो हे ध्यानात ठेवा. पण गोष्टच जनावराची असेल तर माघार घेऊ नका. ‘वळू’ तर मोकाट बैलावरच उभा आहे.

एक सराव मात्र जरूर करा. ‘सिंहासन’ लावा आणि प्रत्येक सीन संपला की पॉज करून एक ओळ लिहा: कोण आलं, कशासाठी आलं, काय घेऊन गेलं. तेंडुलकरांनी अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या त्या एका पटकथेत बसवल्या आहेत. त्या दोन्ही कादंबऱ्या शेजारी घेऊन बसलात तर काय गाळलंय याची यादी तुम्हाला काढता येईल. ती यादी कुठल्याही कार्यशाळेपेक्षा जास्त शिकवेल. नंतर तोच सिनेमा आवाज बंद करून अर्धा तास बघा.

मालिका लिहायच्या की नाही, असं अनेक जण विचारतात. लिहा. घरभाडं निघतं, रोज ठरलेल्या वेळेत पानं द्यायची शिस्त लागते, आणि नट तुमचं वाक्य कुठे अडखळतो हे रोज कळतं. फक्त एक ओळखून असा: मालिका बऱ्याच घरांत बघण्यापेक्षा जास्त ऐकली जाते. स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या बाईला काय चाललंय ते कळावं म्हणून पात्रं एकमेकांना आधीच ठाऊक असलेलं पुन्हा सांगतात. तिथे ते बरोबरच आहे. ती सवय सिनेमाच्या कागदावर आली की मात्र ओळखता आली पाहिजे.

आणि आता धंद्याकडे. इथेही बोलण्यावर विसंबू नका, आणि हे मी वरच्या सगळ्यापेक्षा जोर देऊन सांगतो.

सिनेमाच्या धंद्यात सगळं तोंडी सुरू होतं. तुम्हाला ‘नरेशन’ द्यायला बोलावतात. नाटकवाल्यांना हे फार छान जमतं, तुम्ही आवाज बदलून, हातवारे करून अख्खा सिनेमा उभा करता आणि समोरचा म्हणतो, करू या. तिथून निघाल्यावर त्याच दिवशी ई-मेल लिहा: आज अमुक नावाची गोष्ट आपल्याला ऐकवली, सोबत तिचा सारांश जोडला आहे. दोन ओळींचं, सभ्य पत्र. जो निर्माता या पत्राने दुखावला जातो, त्याच्याकडे पुन्हा न गेलेलं बरं.

आर. जी. आनंद यांचं प्रकरण माहीत असू द्या. त्यांनी प्रांतवादावर ‘हम हिंदुस्तानी’ नावाचं नाटक लिहिलं होतं. ते त्यांनी सिनेमावाल्यांना वाचून दाखवलं. १९५६ मध्ये ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आला आणि आपलंच नाटक उचललं असं आनंद यांना वाटलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ साली आनंद हरले. कल्पना, विषय किंवा कथासूत्र यांवर कुणाचा कॉपीराइट नसतो, तो असतो त्या कल्पनेच्या मांडणीवर, असा तो निकाल. आजही अशा वादांत तोच दाखवला जातो. याचा व्यावहारिक अर्थ असा, की ‘दोन भाऊ, शेताची वाटणी’ यावर तुमचा हक्क नाही. टपरी, दोन चहा आणि एसटीचा थांबा यांच्यासकट लिहून काढलेल्या सीनवर आहे. म्हणून ऐकवायच्या आधी सविस्तर लिहा, आणि लिहिलेलं मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा. सभासद होऊन हे ऑनलाइन करता येतं, मराठी संहितेचंही. त्या नोंदणीने मालकी सिद्ध होत नाही, अमुक तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता एवढाच पुरावा तयार होतो; पण वादात तोच पुरावा मागितला जातो. मालिका, नाटक आणि चित्रपट लिहिणाऱ्या मराठी लेखकांची ‘मानाचि’ ही संघटनाही आहे. एकट्याने भांडण्यापेक्षा तिथे जाऊन चार अनुभवी माणसांना विचारा.

करार वाचायला शिका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखी, सही केलेल्या कराराशिवाय तुमचे हक्क दुसऱ्याकडे जात नाहीत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत तर, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर, ते हस्तांतरण गळून पडतं. हे सगळं लेखकाच्या बाजूचं आहे आणि म्हणूनच निर्मात्याचा वकील ‘कायमस्वरूपी’, ‘संपूर्ण जगभर’ आणि ‘हे कलम लागू नाही’ असे शब्द आधीच घालून ठेवतो. तेवढ्या तीन जागी पेन टेकवून विचारा. २०१२ च्या दुरुस्तीने, ज्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत झगडले, चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत लेखकाचा समान वाटा मान्य केला आणि तो सोडून देता येणार नाही असंही ठरवलं. ती रक्कम प्रत्यक्ष हातात पडणं ही वेगळी लढाई आहे, पण निदान हक्क सोडल्याच्या कागदावर सही करायला कुणी सांगितलं तर तो कागद पोकळ आहे हे तुम्हाला ठाऊक असेल.

पैसे टप्प्यांत मागा: सहीला काही, वन-लाइनर दिल्यावर काही, पहिल्या ड्राफ्टला, शेवटच्या ड्राफ्टला. ‘प्रदर्शनानंतर’ हा टप्पा स्वीकारू नका, कारण सिनेमा प्रदर्शित होणं तुमच्या हातात नसतं. किती ड्राफ्ट द्यायचे तो आकडा लिहून घ्या. मधेच दुसरा लेखक आणला तर तोवरचे पैसे आणि नाव यांचं काय, तेही लिहून घ्या.

नावाबद्दल तर अगदी नेमकं. आपल्याकडे कथा, पटकथा आणि संवाद अशी श्रेयं वेगळी देतात, ही चांगली पद्धत आहे, आणि हीच वाद घडवते. दिग्दर्शकाने दोन सीन सुचवले की ‘पटकथा’मध्ये त्याचं नाव तुमच्या आधी येतं. तुम्ही तिन्ही लिहिलं असेल तर करारात तिन्ही शब्द येऊ द्या, आणि सोबत दुसरं नाव येणार असेल तर कुठल्या क्रमाने, तेही. पडद्यावर, पोस्टरवर, ट्रेलरच्या खाली आणि ओटीटीच्या माहितीच्या पानावर, असं सगळं वेगवेगळं लिहून घ्या. ‘जंजीर’च्या वेळी पोस्टरवर नाव नाही म्हणून सलीम-जावेद यांनी माणूस लावून मुंबईतल्या पोस्टरांवर आपलं नाव रंगवून घेतलं होतं. तुमच्या वेळी पोस्टर मोबाइलवर येणार, तिथे रंगारी पाठवता येत नाही. त्यामुळे ते कलम सहीच्या आधीच तपासा, आणि कळलं नाही तर वकिलाच्या फीला पैसे काढून ठेवा.

तुमचा,
एक पटकथालेखक